सैनिकांची पत्रं आणि आपल्या ट्रंका
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. निवृत्तीनंतर मी ज्यात रमलोय त्याबद्दलच बोलतो. पहिल्या महायुद्धातल्या आपल्या सैनिकांची पत्रं.

१९१४ च्या सप्टेंबरअखेरीला हिंदी पलटणी मार्सेल्स बंदरात उतरल्या आणि तिथून फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत गेल्या. बहुतेक उत्तरेकडचे, पण आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्याही तिथे होत्या. त्यांत मराठेही होते. २८ ऑक्टोबरला नव शापेल गावावरच्या हल्ल्यात या दोन्ही कंपन्यांची फार मोठी हानी झाली.

ही माणसं घरी पत्रं लिहीत. लिहीत म्हणजे, पुष्कळांना अक्षरओळख नव्हती, ते कुणाकडून तरी लिहवून घेत. गावात पुन्हा दुसऱ्या कुणीतरी ते वाचून दाखवायचं. नवराबायकोच्या पत्रात आधीच दोन परके! त्यात तिसरा आला, सेन्सॉर. फ्रान्समध्ये बुलोन इथे हिंदी टपाल तपासायचं कार्यालय होतं, प्रमुख हॉवेल नावाचा अधिकारी. सैन्यात असंतोष आहे का, हे त्याला बघायचं होतं. निवडक पत्रांचे उतारे इंग्रजीत करून तो वरिष्ठांना अहवाल पाठवी.

आपलं पत्र वाचलं जातंय हे सैनिकांना ठाऊक होतं. म्हणून एकजण लिहितो की काळी मिरी संपली, आता लाल मिरची वापरतायत. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉर एवढा दुधखुळा नव्हता, त्याला ते कळलंच! बाकी पत्रांत थंडी, चिखल, तोफा. पीक कसं आहे, कर्ज फिटलं का. धाकट्याला भरती होऊ देऊ नका. मायेनं वागवणाऱ्या फ्रेंच म्हाताऱ्या. ब्रायटनच्या राजवाड्यात उघडलेलं जखमींचं इस्पितळ.

आपल्याला पत्रलेखन किती घोटून शिकवलं होतं, आठवतं ना? ‘शि. सा. न. वि. वि.’ चुकलं की मार्क गेला. त्या इंग्रजी उताऱ्यांत शि. सा. न. कुठून येणार! आणि मुळातलं अक्षर, मुळातली भाषा तर नाहीच. आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दफ्तरात, हे अहवाल नीट जपलेले आहेत. अस्सल पत्रं मात्र बहुतेक गेली. जी घरी पोचली ती पावसात, वाळवीत, वाटण्यांत संपली. जे टिकलं ते सरकारला संशय होता म्हणून टिकलं. मला याचं फार वाईट वाटतं.

आपल्या भागासाठी तर अडचण आणखी मोठी आहे. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या. १०३ आणि ११० नंबरच्या पलटणी कुतच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली आणि हजारो कैदेत गेले. बुलोनच्या दफ्तरात ही माणसं शोधून काय मिळणार? सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात त्या युद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. कोकणातल्या, देशावरच्या कितीतरी गावांत तसा संगमरवरी फलक आहे. किती गेले, किती परत आले नाहीत. फक्त आकडे. ती माणसं काय म्हणत होती, ते मिळालं तर आपल्याच घरांत मिळेल.

म्हणून एक विनंती. आपण सगळे आता गावाकडची घरं विकायच्या वयाला आलोय. माळ्यावरची ट्रंक भंगारवाल्याला देण्याआधी उघडा. महायुद्धाचंच हवं असं नाही. ६२, ६५, ७१ ची ‘५६ ए.पी.ओ.’ पत्त्याची आंतरदेशीय पत्रंही तितकीच मोलाची आहेत. पाकीट फेकू नका, शिक्क्यावर तारीख असते. टाचण्या गंजतात, त्या हळूच काढा. चिकटपट्टी लावू नका, आणि कृपा करून लॅमिनेशन तर नकोच. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला पत्र वाचून दाखवा. ‘बाळू’ कोण आणि ‘थोरली’ कोण हे तिलाच माहीत असतं. ती सांगेल ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

उद्या नाश्त्यानंतर मी आपल्या जुन्या दहावीच्या वर्गात स्कॅनर घेऊन बसणार आहे. कुणी काही आणलं असेल तर या. मोडीत असेल तरी चालेल, मोडी मला वाचता येते.