बावळटाची भूमिका



नाटकातील बावळटाचे काम वर्गातील ‘ढ’ मुलाला देण्याची प्रथा मला मान्य नाही. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधील हवालदार दादा कोंडके यांनी रंगवला, तो काही बुद्धी कमी म्हणून नव्हे! समोरच्याचे बोलणे नेमके कुठे उलटे घ्यायचे, हे कळण्यासाठी ते आधी सुलटे समजावे लागते. खरडमध्ये राहणाऱ्या आपल्याला पंजाबची नक्कलही परकी नाही. तेथे चामड्याचा पट्टा खाणारा भोळा गडीच पट्टा मारणाऱ्याला निरुत्तर करतो.

यंदा हे काम पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याने करावे. तोंड वेंगाडू नये. पात्राला स्वतःचे म्हणणे पूर्ण खरे वाटते, तसेच बोलावे. आणि ‘ढ’ म्हणवला जाणारा मुलगा? त्याला राजा करा.