सुताला वेग सोसला पाहिजे : स्वागताध्यक्षीय भाषण

सन्माननीय अध्यक्षमहाराज, उद्घाटक महोदय, नागरी सहकारी बँकांच्या व पतसंस्थांच्या प्रतिनिधी बंधुभगिनींनो आणि इचलकरंजीकर नागरिकहो,

स्वागतसमितीच्या वतीने आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करताना मला आनंद होतो, आणि थोडा संकोचही वाटतो. स्वागताध्यक्षाचा शिरस्ता आपल्याकडे ठरून गेलेला आहे: पाहुण्यांच्या उतरण्याची तजवीज करावी, गावाची थोरवी थोडक्यात सांगावी, व्यवस्थेतील उणिवांबद्दल माफी मागावी आणि विद्वानांस वाट मोकळी करून द्यावी. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी मी यथाशक्ति करीनच; चौथीस मात्र थोडा विलंब लागेल. ज्या विषयाच्या विचारासाठी आपण जमलो आहोत, म्हणजे संगणक, त्यांस जोडणाऱ्या तारा, माहितीची साठवणगृहे आणि या साऱ्यांच्या योगाने संस्थांच्या कारभारात होणारा पालट, त्या विषयाशी माझी ओळख ग्रंथांतून झालेली नसून खतावणीच्या पानांतून आणि मागाच्या खडखडाटातून झालेली आहे. आणि ज्याने तीस वर्षे एका नागरी बँकेत कारकुनीपासून व्यवस्थापकीपर्यंत चाकरी केली व घरी वडिलोपार्जित मागांचा संसारही सांभाळला, त्याला अशा प्रसंगी दोन शब्द अधिक बोलण्याचा मोह झाला, तर तो आपण क्षम्य मानाल अशी आशा आहे.

पंचगंगेच्या काठचे हे गाव एके काळी घोरपडे घराण्याच्या जहागिरीचे ठाणे होते. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग उभारला, श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उद्यमशील धोरणाचा त्या धंद्यास आश्रय मिळाला आणि पुढे लोक या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. ही कथा आम्ही प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. पण तिच्यातला जो अर्धा भाग आम्ही सांगावयास विसरतो, तोच आजच्या विषयाशी अधिक जवळचा आहे. एक माग आला म्हणून गाव घडले नाही. मागाला सूत लागते, सुताला खळ लागते, खळीसाठी सायझिंग लागते, कांड्या भरणारे हात लागतात, नुसत्या आवाजावरून मागाचे दुखणे ओळखणारा जॉबर लागतो, कापड उचलणारा व्यापारी लागतो आणि व्यापाऱ्याचा पैसा हाती येईपर्यंत मागवाल्याला दम धरू देणारी पतपेढी लागते. ही साखळी कडीला कडी अडकून जुळत गेली, तेव्हा त्या एका मागाचे गाव झाले.

काही वर्षांपूर्वी आमच्या पेठेतील एका उमेदीच्या मागवाल्याने कर्ज काढून बिनधोट्याचे रॅपियर माग आणले. जुन्या मागाच्या दुपटीहून अधिक त्यांचा वेग. पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. आणि दुसऱ्या दिवसापासून ताण्याचे धागे पटापट तुटू लागले. माग अर्धा वेळ चाले आणि अर्धा वेळ उभा राही. मालकाने यंत्र विकणाऱ्याला दोष दिला, कामगारांना दोष दिला, नशिबालाही दिला. शेवटी म्हातारा जॉबर म्हणाला, ‘‘मालक, माग ब्येस हाय. सुताला त्यो वेग सोसत न्हाई.’’ शेड जुनी, सूत जुने, खळ जुनी, पाळ्यांची वाटणी जुनी, आणि यंत्र तेवढे नवे, अशी ती स्थिती होती. सूत बदलले, सायझिंग बदलले, कोणत्या कामगाराकडे किती माग द्यावयाचे तो हिशेब बदलला, तेव्हा ते माग नफा देऊ लागले. त्या जॉबरच्या एका वाक्यात आपल्या परिषदेचा सारा विषय आला आहे, असे मला वाटते.

हाच विचार विद्वानांनी दुसऱ्या वाटेने मांडलेला आहे. संगणकाचे युग सर्वत्र दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही, अशा आशयाची तक्रार अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ साली केली होती. तीस उत्तर देताना पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने १९९० साली विजेचा दाखला दिला. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे वीजकेंद्र १८८२ साली सुरू झाले. तरी विसावे शतक उजाडताना अमेरिकेतील कारखान्यांच्या यंत्रशक्तीत विजेच्या मोटारींचा वाटा पाच टक्क्यांच्याही आतच होता, आणि तो निम्म्यावर जाण्यास १९२० चा सुमार उजाडावा लागला. याचे कारण असे की, आरंभी कारखानदारांनी वाफेचे इंजिन काढून त्याच जागी मोठी मोटार बसविली आणि छताखालचा तोच लांब दांडा व तेच पट्टे फिरवीत ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार देऊन, मजल्यांच्या इमारती सोडून एका मजल्याच्या ऐसपैस शेडांत कामाच्या क्रमाने यंत्रे मांडण्यास एक पिढी जावी लागली, आणि विजेचे खरे फळ त्या फेरमांडणीनंतर हाती आले.

आता आपल्या घरची गोष्ट. बँकांतील यांत्रिकीकरणाविषयी कर्मचारी संघटनांशी १९८३ साली करार झाला, पुढच्याच वर्षी डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि संगणक हळूहळू बँकांच्या उंबऱ्याच्या आत आला. त्यापूर्वीची सहामाही व्याजाची रात्र ज्यांनी अनुभवली आहे, असे काही पांढऱ्या केसांचे श्रोते मला समोर दिसतात. बचत खात्यात महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत जी नीचतम शिल्लक राहील, तीवरच त्या महिन्याचे व्याज द्यावयाचे, असा तेव्हाचा नियम. एक जण शिल्लक वाचून दाखवी, दुसरा लिहून घेई, तिसरा गुणाकार करी. मध्यरात्री चहाची किटली येई आणि पहाटे तेरीज जुळली नाही, म्हणजे सव्वा रुपयाच्या फरकासाठी सारी खतावणी पुन्हा चाळावी लागे. हा नियम काही ठेवीदाराच्या हितासाठी झालेला नव्हता. रोजच्या शिल्लकेवर व्याज काढणे माणसाच्या हाताला झेपत नव्हते, म्हणून तो झाला होता.

संगणक आला आणि तीच आकडेमोड क्षणार्धात होऊ लागली. तरीही नियम तोच राहिला. अकरा तारखेला दहा हजार रुपये भरणाऱ्या विणकराला त्या महिन्याच्या उरलेल्या वीस दिवसांचे व्याज, म्हणजे साडेतीन टक्के दराने १९ रुपये १८ पैसे, आमच्या शाखेतला संगणक सहज मोजू शकत असताना, वर्षानुवर्षे आम्ही दिले नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज देणे सुरू झाले, तेव्हा कोठे त्या यंत्राचा लाभ काउंटरच्या पलीकडच्या माणसापर्यंत पोहोचला. यंत्र येणे आणि यंत्राचे फळ लोकांच्या पदरात पडणे यांच्यामध्ये एक नियम आडवा पडलेला होता, आणि तो नियम काढण्याचा अधिकार यंत्राला नव्हता, माणसांना होता.

याहून मोठा पालट साऱ्या शाखांची खाती एका मध्यवर्ती संगणकावर आणणाऱ्या कोअर बँकिंगने केला. आमच्याकडे ती यंत्रणा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक वृद्ध मागवाले माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांचे खाते खतावणीच्या २१४ व्या पानावर होते, आणि आयुष्यभर ते स्वतःची ओळख ‘दोनशे चौदा’ अशीच सांगत आले होते. ते म्हणाले, ‘‘सायेब, माझं पान कुठं ग्येलं?’’ त्यांना काय सांगावे, हे मला क्षणभर सुचले नाही. पान गेले होते खरे, आणि पानाबरोबर आणखीही पुष्कळ काही गेले होते. कालपर्यंत ते शाखेचे खातेदार होते, आजपासून बँकेचे झाले. कालपर्यंत त्यांची पत मला ठाऊक होती, आजपासून ती मुख्य कचेरीच्या पडद्यावर दिसू लागली. कालपर्यंत शाखाधिकारी आपल्या दप्तराचा लहानसा मामलेदार होता, आजपासून त्याचे पुष्कळसे अधिकार तारेवाटे वर निघून गेले. ज्या बँकांनी ही गोष्ट ओळखून शाखाधिकाऱ्याला नवे काम दिले, त्याला हिशेबातून मोकळे करून ठेवीदाराच्या व कर्जदाराच्या दारी पाठविले, त्यांचा व्यवसाय वाढला. ज्यांनी संगणकावर नोंद करून शिवाय जुन्या रजिस्टरातही ती उतरवून ठेवण्याचा हुकूम काढला, त्यांच्या वाट्यास दुप्पट काम आणि अर्धा विश्वास एवढेच आले. माझ्या हयातीत मी हे दोन्ही प्रकार पाहिले. किंबहुना दुसरा प्रकार काही महिने मी स्वतःच केला, हेही कबूल करतो.

यंत्रणेचा पाया बदलला की धंद्याचा भूगोल कसा बदलतो, याचे उदाहरण मुंबईने दाखविले आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजारात दलालांच्या गोलात आरोळ्यांनी सौदे होत असत, आणि त्या गोलात ज्याचा माणूस उभा नाही त्याला भाव कळण्यास दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागे. १९९४ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाच्या साहाय्याने पडद्यावर समभागांचे सौदे सुरू केले, आणि सुमारे वर्षभरातच उलाढालीत त्या जुन्या संस्थेस मागे टाकले. मुंबई शेअर बाजारानेही मार्च १९९५ मध्ये पडदा स्वीकारला. परंतु गच्चीवर तबकडी बसवून लहान शहरातला दलालही त्याच क्षणी तोच भाव पाहू शकतो, हे एकदा घडल्यावर गोलात उभे राहण्याची मिरासदारी संपली ती कायमचीच.

हे सारे सांगून झाल्यावर एक इशारा न देणे हा यजमानधर्माशी द्रोह ठरेल. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील एका नागरी सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी अवघ्या दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये, बहुतांशी परदेशांतील एटीएम यंत्रांतून, काढून नेले. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० लहान बँकांना देशाच्या देयकयंत्रणेपासून तात्पुरते अलग करावे लागले. पूर्वी तिजोरीची किल्ली हरवली तर एका शाखेचा कारभार थांबे. आता एका ठिकाणचा दोष शेकडो संस्थांच्या दारांस कुलूप घालतो. संगणकाची देखभाल, प्रतींची साठवण आणि रखवाली यांवरचा खर्च वार्षिक सभेत डोळ्यांत भरत नाही, म्हणून संचालक मंडळे त्यालाच प्रथम कात्री लावतात. पावसाळ्यापूर्वी शेडचे पत्रे न तपासणारा मागवाला आम्ही शहाणा मानीत नाही. बँकेच्या बाबतीत तरी निराळा न्याय का लावावा?

लहान संस्थेस हा बोजा एकटीला पेलणार नाही, हेही तितकेच खरे. परंतु जे एकट्याला पेलत नाही ते दहा जणांनी मिळून उचलावयाचे, याच बुद्धीतून सहकार जन्मला. २०२२ साली केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नागरी सहकारी बँकांची छत्रसंस्थाही २०२४ मध्ये कार्यान्वित झाली असून सदस्य बँकांना सामाईक तांत्रिक सुविधा पुरविणे हा तिच्या उद्दिष्टांचा एक भाग आहे. देशातील सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत, तेव्हा या सामाईक यंत्रणेचे बरेवाईट होणे पुष्कळ अंशी आपल्याच हाती आहे. यंत्रे सरकार देईल, छत्रसंस्था देईल, कंपन्याही देतील. सुताची मजबुती मात्र ज्याची त्यानेच पाहावयाची असते.

आता यजमान या नात्याने शेवटचे दोन शब्द. आपल्या निवासाची व भोजनाची सोय आमच्या कार्यकर्त्यांनी मनापासून केली आहे. तीत उणीव राहिल्यास ती आमच्या अज्ञानाची समजावी, अनास्थेची नव्हे. दुपारच्या विश्रांतीत वेळ मिळाल्यास एखाद्या शेडमध्ये अवश्य डोकवावे. आणि एक विनंती. उद्या सायंकाळी आपण ठराव कराल, तेव्हा नवी यंत्रे किती घ्यावयाची याचा आकडा लिहिण्यापूर्वी, आपल्या संस्थेतील कोणता जुना नियम, कोणते जुने रजिस्टर आणि कोणाची जुनी सही आपण सोडावयास तयार आहात, ते प्रत्येक प्रतिनिधीने एका कागदावर लिहून अध्यक्षांकडे द्यावे. आपले पुनश्च स्वागत करून, परिषदेच्या कामास आरंभ करावा अशी मी अध्यक्षमहाराजांना विनंती करतो.