चार दिवसांसाठी आलेल्या आत्याबाई
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘नवे जोडपे आणि घरातील वडील माणसे’ हा विषय मला दिला आहे. उपदेश करण्याइतका माझा अधिकार नाही. माझ्या घरी घडले तेवढे सांगते.

१९७८ साली लग्न होऊन मी नायगावच्या बी. डी. डी. चाळीत आले. खोली एकशेसाठ चौरस फुटांची, संडास सर्वांचे सामाईक. हे गिरणीत साच्यावर होते. दिवाळीनंतर यांच्या आत्याबाई कोकणातून ‘चार दिवस’ म्हणून आल्या आणि राहिल्या. यांची आई लहानपणीच गेलेली. वाढवले ते आत्याबाईंनीच. तेव्हा ‘जा’ कोण म्हणणार?

आमटीत मीठ त्या घालीत, पगाराचे पाकीट त्या मोजीत. हे रात्रपाळी करून सकाळी सातनंतर येत, तर या उशाशी बसून गावच्या भाऊबंदकीच्या गोष्टी काढीत. आम्हां दोघांना बोलायचे तर भाजी आणायच्या निमित्ताने खाली उतरावे लागे. यांना सांगितले की एकच उत्तर, “जुनं माणूस आहे, सोडून दे.”

शेवटी मी आईला सगळे लिहिले. तिचे उत्तर आले ते आत्याबाईंच्या हाती पडले. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी ते शेजारणीकडून वाचून घेतले, आणि त्यात त्यांचेच गाऱ्हाणे निघाले! दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. माझ्याही घशाखाली घास उतरेना.

तिसऱ्या दिवशी हे पाळीवरून आले ते न झोपता त्यांच्यासमोर बसले. “आत्ये, तू मला वाढवलंस, हे घर तुझंच आहे. पण हिचं पत्र हिच्या हातात दे. पगारही यापुढे हीच मोजील.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तू माहेरी लिहिण्याआधी मला सांगायचं होतंस.”

“दहादा सांगितलं,” मी म्हणाले. यांनी मान खाली घातली.

आत्याबाई रडल्या, पण गावी गेल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात शेजारच्या चाळीतील खानावळीत चपात्या लाटायला जाऊ लागल्या. आपण होऊन गेल्या, की रागाने, हे मला आजही सांगता येणार नाही. संध्याकाळी थकून येत, लवकर झोपत. खोली तेवढीच होती. पण दिवसाचे काही तास ती आमची झाली.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबला. खानावळीत जेवणारे कामगार गावाला गेले, तेव्हा आत्याबाईंचेही काम सुटले. एके दिवशी त्यांनी ट्रंकेतून साठवलेल्या पैशांची पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली. “मोज,” म्हणाल्या. मी मोजले. तेव्हापासून त्यातले किती उरले, हे त्या रोज सकाळी चहाच्या आधी विचारीत.