बारा वर्षांची गुंतवणूक
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज मुलींच्या खेळाबद्दल बोलायला सांगितलंय. गटात बसलं की एक प्रश्न हमखास येतो. "पोरगी पळते चांगली, कबड्डी खेळते चांगली, पण त्यातनं मिळणार काय?" प्रश्न खोटा नाही. आपण पै-पै जोडून गट चालवतो, तेव्हा खर्च कुठं होतो हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. म्हणून मी आज एका मुलीचा हिशोबच तुमच्यापुढं मांडणार आहे. तिचं नाव सानिया मिर्झा. टीव्हीवर तुम्ही तिला जिंकताना पाहिलं असेल. मी बोलणार आहे ती त्याच्या आधीच्या वर्षांबद्दल.

सानियाचा जन्म 1986 चा, आपल्या मुंबईतला. वाढली मात्र हैदराबादला. सहा वर्षांची असताना तिच्या हातात टेनिसची रॅकेट आली. शिकवायला वडीलच उभे राहिले, आणि स्पर्धांच्या गावी आईवडील बरोबर जायचे. तेव्हा हैदराबादेत चांगली मैदानं कुठली? तिनं स्वतः सांगितलंय, की सुरुवातीला ती शेणानं सारवलेल्या कोर्टवर खेळायची. आपण अंगण सारवतो ना, तसंच.

आणि बोलणारे तर होतेच. उन्हात खेळून काळी पडेल, मग हिच्याशी लग्न कोण करणार, असं नातेवाईक म्हणायचे. हेही तिनंच जाहीरपणे सांगितलंय. हसू नका बायांनो, आपण पण हेच म्हणतो! हैदराबाद काय आणि आपलं गाव काय, पोरीच्या रंगाची काळजी सगळीकडं सारखीच.

आता टेनिसचा धंदा कसा चालतो ते सांगते, कारण आपल्याला कळण्यासारखी गोष्ट तीच आहे. या खेळात पगार नसतो. खेळाडू जगभर स्पर्धांना जाते. प्रवास, राहणं, जेवण, प्रशिक्षकाचे पैसे, रॅकेटची तार बदलणं, सगळं तिच्याच खिशातून. जितक्या फेऱ्या जिंकेल तितकं बक्षीस. पहिल्याच फेरीत हरली तर छोट्या स्पर्धेत प्रवासखर्चही निघत नाही. जिंकल्यावर पैशाबरोबर गुण मिळतात, गुणांवर जागतिक क्रमांक ठरतो, आणि क्रमांक चांगला असेल तरच मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश. त्यातही गंमत अशी, की कमावलेले गुण वर्षभरच टिकतात. पुढच्या वर्षी ते गळून जातात, पुन्हा कमवावे लागतात. म्हणजे भांडवल आधी, कमाई नंतर, आणि पत दरवर्षी नव्याने सिद्ध करायची. शेळीपालनाचं कर्ज घेतलेल्या बाईला हे समजावून सांगायला नको.

2001 साली सानिया पुणे, दिल्ली इथल्या छोट्या व्यावसायिक स्पर्धांत उतरली. वय चौदा. तिथं विजेतेपद मिळालं नाही. पुढच्या वर्षी हैदराबाद आणि फिलिपिन्समधल्या मनिला इथं तिनं छोट्या स्पर्धा जिंकल्या. 2003 साली विम्बल्डनला मुलींच्या दुहेरीत रशियाच्या अलिसा क्लेबानोवाबरोबर ती विजेती ठरली. पेपरात फोटो आले. पण ती स्पर्धा मुलींची होती, मोठ्यांच्या टेनिसमध्ये अजून सगळंच व्हायचं होतं.

2005 च्या जानेवारीत तिला ऑस्ट्रेलियन ओपनचं वाइल्ड कार्ड मिळालं. क्रमांक तेवढा नसतानाही आयोजक काही खेळाडूंना खेळायची संधी देतात, त्याला वाइल्ड कार्ड म्हणतात. मला ते आपल्या फिरत्या निधीसारखं वाटतं. विश्वास टाकून एकदा मिळतो, त्याचं पुढं काय करायचं ते आपल्यावर. सानियानं दोन फेऱ्या जिंकल्या. तिसऱ्या फेरीत समोर आली अमेरिकेची सेरेना विल्यम्स, आणि सानिया हरली. पण इतक्या मोठ्या स्पर्धेत एकेरीच्या तिसऱ्या फेरीपर्यंत त्याआधी एकही भारतीय बाई पोचली नव्हती. हा रस्ता अगदीच कोरा होता असंही नाही. 1998 साली निरुपमा वैद्यनाथन हिनं याच स्पर्धेत पहिली फेरी जिंकून दाखवली होती. एकीनं पायवाट पाडली, दुसरी त्यावरनं पुढं गेली.

पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारीत, सानियानं आपल्या हैदराबादेत एकेरीचं विजेतेपद मिळवलं. महिलांच्या मुख्य जागतिक मालिकेतली एकेरीची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय. वय अठरा. सहाव्या वर्षी सुरुवात, अठराव्या वर्षी हे यश. किती वर्षं झाली? बारा. आपल्याकडं बारा वर्षांना एक तप म्हणतात, उगाच नाही.

त्या वर्षी ती अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत गेली. वर्षाच्या सुरुवातीला पहिल्या शंभरातही नसलेली मुलगी वर्षाअखेर जगात 31 वी होती. 2007 मध्ये ती 27 व्या क्रमांकावर पोचली.

पण बोलणारे थांबले का? उलट वाढले. 2005 सालीच तिच्या खेळाच्या कपड्यांवरून वाद उठवला गेला. कोलकात्याच्या स्पर्धेत तिला जादा पोलीस बंदोबस्त द्यावा लागला. अठरा वर्षांची पोर, खेळायला गेलेली, आणि तिच्या स्कर्टची चर्चा देशभर. तिनं खेळ सोडला नाही.

नंतर मनगटाच्या दुखापतीनं तिला गाठलं, शस्त्रक्रिया झाली. पुढं तिनं एकेरी सोडून दुहेरीवर लक्ष दिलं आणि 2015 मध्ये दुहेरीत जगात पहिली आली. एक धंदा बसला तर हातातल्या कौशल्यावर दुसरा उभा करायचा, हे आपण गटात शिकतो. तिनंही तेच केलं.

आता खरं बोलू या. सानियाचं घर हातावर पोट असलेलं नव्हतं. शिकलेले आईवडील, शहर, ओळखी, पुढं मिळालेले प्रायोजक, हे सगळं तिच्या बाजूला होतं. आणि रॅकेट धरणाऱ्या हजारो पोरींतून अशी एखादीच निघते. तेव्हा "तुमची पोरगी सानिया होईल, तिच्यावर पैसे लावा" असं मी म्हणणार नाही. ते फसवणं होईल.

मला म्हणायचंय ते वेगळं आहे. तिच्या घरच्यांनी बारा वर्षं परतावा दिसत नसताना खर्च केला, वेळ दिला आणि लोकांचं बोलणं अंगावर घेतलं. मुलासाठी हे आपण सगळ्याजणी करतो. त्याची फी, त्याची गाडी, नोकरी लागेपर्यंतची त्याची वर्षं, त्यातलं काहीच आपल्याला खर्च वाटत नाही. मुलगी आठवीत गेली, की तिच्या बुटाच्या साडेतीनशे रुपयांचाही हिशोब निघतो. मैदान सुटतं, मागोमाग शाळा सुटते, आणि मग लग्नाची बोलणी. त्या लग्नाचं कर्ज मात्र आपण लगेच मंजूर करतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाच्या उद्देशात मुलीचं शिक्षण आणि खेळ हे आपणहून लिहा. बूट, स्पर्धेचा प्रवास, सायकल, रक्कम छोटीच असते. दुसरं, ग्रामसंघानं ठराव करून ग्रामसभेत मागणी करा, की गावच्या मैदानावर मुलींना संध्याकाळी ठरलेली वेळ मिळावी आणि शाळेत मुलींसाठी वापरता येईल असं स्वच्छतागृह असावं. तिसरं, तालुक्याच्या स्पर्धेला मुली जातात तेव्हा त्यांच्याबरोबर गटातल्या दोघींनी आळीपाळीनं जायचं. "पोरीला एकटी कशी पाठवू" हा प्रश्न तिथंच संपतो.

यातली एखादी पोरगी पोलीस भरतीत धावेल. एखादी खेळशिक्षिका होईल. बाकीच्या पुढं आपल्यासारख्याच गटात येऊन बसतील, पण बैठकीत उठून बोलताना त्यांचा आवाज कापणार नाही. एवढा परतावा मला पुरेसा वाटतो. तुम्हाला वाटतो का, ते येत्या बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.

जय सावित्री, जय जिजाऊ.