काठी, सावली आणि तेरावा कागद
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘तू नेमकं करतोस काय?’ असं सकाळपासून सात-आठ जणांनी विचारलं. मी मुद्राचित्रं करतो. जस्ताच्या पत्र्यावर लेप द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा ॲसिडमध्ये ठेवायचा. लेप जिथे निघाला तिथेच ॲसिड धातू खातं. थोडा वेळ ठेवला तर रेघ केसासारखी येते, जास्त ठेवला तर खोल आणि काळी. खाचांत शाई भरून, वर ओलसर कागद ठेवून पत्रा प्रेसमधून काढला की चित्र उमटतं. रेघ मी ओढतो, तिचा काळेपणा मात्र वेळ ठरवते.

1937 साली अलीगढला जन्मलेल्या झरीना हाश्मी गणित शिकून मुद्राचित्रकार झाल्या. अनेक देशांत राहिल्यावर 1999 मध्ये त्यांनी घर या विषयावर 36 काष्ठठशांचा संच केला. प्रत्येक ठशासोबत एक उर्दू शब्द. मोजक्या काळ्या रेघांत आख्खं घर मावतं हे त्यात पाहिलं आणि मला आपल्या भूगोलाच्या सरांची काठी आठवली.

सर इथे समोर बसले आहेत. मैदानात काठी रोवून ते आपल्याला सावलीच्या टोकाशी खुणा करायला लावत. आपलं लक्ष मधल्या सुट्टीकडे असे.

गेल्या वर्षी पुण्यात माझ्या गच्चीवर मी एक मीटरची काठी उभी केली. दर महिन्याच्या 21 तारखेला नऊ ते पाच, तासातासाला खूण केली. डिसेंबरात भरदुपारची सावली 90 सेंटिमीटर, उत्तरेकडे. मार्चात खुणा जोडल्या तर जवळजवळ सरळ रेघ. जूनमध्ये तीच दुपारची सावली जेमतेम नऊ सेंटिमीटर, आणि चक्क दक्षिणेकडे! सावली सगळ्यांत आखूड होते तेव्हा घड्याळात बारा वाजून गेलेले असतात. काठी पुण्याची वेळ पाळते, घड्याळ देशाची. पावसाळ्यात ढगांनी बऱ्याच खुणा गिळल्या. त्या जागा मी कोऱ्याच ठेवल्या.

त्या खुणांवरून बारा पत्रे केले. त्यांचे ठसे छतापासून ओळीने टांगून मांडणशिल्प केलं. डिसेंबरातून शिरायचं, नोव्हेंबरातून बाहेर पडायचं.

तेरावा कागद मेच्या मध्यातला, शून्य सावलीच्या दिवसाचा. त्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्याच पायाशी मिटते. तो पत्रा मी शाई न लावता छापला. समोरून पाहिलं तर कागद कोरा दिसतो. बाजूने उजेड पडला की काठीच्या जागेचा दाब दिसतो. आज हजेरीत आपल्या वर्गातली चार नावं पुकारली गेली नाहीत. हा कागद मी त्यांच्या नावे केला आहे.

हा तेरा कागदांचा संच मी आज शाळेला देत आहे. मुख्याध्यापकांना एकच विनंती आहे. कागद भिंतीवर लावाच, पण मैदानात एक काठीही रोवा. मुलांचं लक्ष मधल्या सुट्टीकडे असलं तरी चालेल. खुणा मात्र त्यांच्याच हातून होऊ द्या.