पैसा रोग्यामागे की तालुक्यामागे?



ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले. आज वाद उरला आहे तो सरकारी पैसा कोणत्या वाटेने जावा, एवढाच. सरकारने स्वतः दवाखाने चालवावेत, ही एक वाट. रोग्याने निवडलेल्या रुग्णालयास, मग ते खाजगी का असेना, शस्त्रक्रियेमागे ठरीव रक्कम द्यावी, ही दुसरी. हीच बाजाराची वाट होय.

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या रूपाने ही दुसरी वाट धरली. आरंभीच्या आठ जिल्ह्यांत आपले सोलापूर होते. कुटुंबास वर्षाकाठी दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. २०१३ साली योजना राज्यभर गेली आणि २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. जमीन गहाण न टाकता हृदयाची शस्त्रक्रिया करून घेण्याची सोय झाली, हा उपकार लहान नव्हे.

तथापि पैसा रोग्यामागे जातो हे खरे असले, तरी रोगी रुग्णालयामागे जातो. आणि मोठी रुग्णालये शहरांतच उभी राहतात. करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या मजुरास शहर गाठावे लागते, सोबत एक माणूस न्यावा लागतो, आणि दोघांची मजुरी बुडते. बुडालेली ही मजुरी योजना भरून देत नाही. शिवाय साधा ताप शस्त्रक्रियेच्या यादीत बसत नाही.

प्रादेशिक वाटणीनेही ही उणीव भरून निघाली नाही. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, तेव्हा सोलापूर मुंबई-पुण्यासह 'उर्वरित महाराष्ट्रा'त पडले. वर्गाची सरासरी उत्तम आली म्हणून नापास मुलगा उत्तीर्ण होत नाही, हे शिक्षकास सांगावे लागत नाही.

इंग्लंडचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. लोकसंख्या आणि मृत्युमान पाहून प्रत्येक भागास पैसा द्यावा, असे तेथील समितीने १९७६ साली सुचविले. १९९१ साली त्यांनी आरोग्यसेवेत बाजाराची पद्धत आणली. परंतु गरजेनुसार वाटणीचा हिशेब मात्र टाकून दिला नाही.

आपणही हाच क्रम धरावा. आधी प्रत्येक तालुक्याच्या गरजेप्रमाणे डॉक्टर, परिचारिका व औषधे पुरवावीत; मग खुशाल स्पर्धा होऊ द्यावी. जेथे दवाखाना एकच आहे, तोही अपुरा, तेथे निवडीचा हक्क कागदावरच राहतो.