साधा फोन की स्मार्टफोन?
(समाजाच्या नायगाव येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



वधूवरसूचन, विद्यार्थ्यांना साहाय्य आणि समाजमंदिराचे बांधकाम हे आपल्या मेळाव्याचे नित्याचे विषय होत. त्यांच्या पंक्तीस मोबाइल फोनचा विषय आणून बसविण्याचे कारण असे की, अलीकडे आपल्यातील वृद्ध मंडळी मला वारंवार एकच प्रश्न विचारतात, "गुरुजी, बटणांचा फोन राहू द्यावा, की पोरगा म्हणतो तसा टच मोबाइल घ्यावा?" प्रश्न दिसावयास लहान आहे, परंतु त्याच्या पोटात निवृत्तिवेतन आहे, शेताचे अनुदान आहे, बँकेत ठेवलेली आयुष्याची पुंजी आहे आणि दूर गेलेल्या लेकराबाळांचे मुख पाहण्याची ओढही आहे. यास्तव त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे मला उचित वाटते.

आपल्या पिढीने निरोपाची सर्व वाहने पाहिली. दारी तारवाला आला की कागद उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. ट्रंक कॉल लावून तासन् तास ताटकळणे आपण अनुभवले, आणि पुढे एस.टी.डी. बूथवर फिरत्या आकड्यांकडे पाहत घाईघाईने बोलणेही अनुभवले. भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी केले. परंतु खेड्यापाड्यांत फोन रुजला तो २००३ साली निघालेल्या नोकिया ११०० सारख्या साध्या यंत्रांमुळे. त्याच्या डोक्यावर विजेरी होती. भारनियमनाच्या काळात आपल्यापैकी कित्येकांनी तो फोन बोलण्याइतकाच गोठ्यात आणि शेताच्या बांधावर उजेडासाठी वापरला असेल. जगभर असे पंचवीस कोटींच्या घरात फोन विकले गेले असे सांगतात. त्यानंतर २००७ साली अमेरिकेत आयफोन आणि २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला, सप्टेंबर २०१६ मध्ये आपल्याकडे जिओची सेवा सुरू झाली, आणि बघता बघता बटणे मागे पडून काच पुढे आली.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. साधा फोन म्हणजे दारिद्र्याचे वा अडाणीपणाचे चिन्ह, असे तरुण मंडळी मानतात, आणि वृद्धही चारचौघांत तो खिशातून काढावयास लाजतात. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातील फोनवरून जगातील पहिले संभाषण ज्यांनी केले, ते मार्टिन कूपर होत. त्यांच्याच पत्नी आर्लीन हॅरिस यांच्या कंपनीने २००६ साली अमेरिकेतील वृद्धांसाठी 'जिटरबग' नावाचा मोठ्या बटणांचा साधा फोन मुद्दाम बाजारात आणला. जपानसारख्या यंत्रनिपुण देशात 'राकुराकु' नावाचे फोन वृद्धांसाठी निघाले; त्या शब्दाचा अर्थच मुळी 'सोपा' असा आहे. तेव्हा ज्यास बटणे बरी वाटतात त्याने ती खुशाल वापरावीत. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

म्हाताऱ्या बोटांना काच मानत नाही, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो, आणि घरातील मुले त्यावर हसतात. वास्तविक त्यास शास्त्रीय कारण आहे. काचेखालील यंत्रणा बोटाच्या कातडीची विद्युत्वाहकता ओळखते. वार्धक्याने कातडी कोरडी पडते, आणि जन्मभर नांगर, कुऱ्हाड वा धुणीभांडी केलेल्या हातांना घट्टे पडलेले असतात. अशा बोटाचा स्पर्श यंत्रास नीट कळत नाही. मग वृद्ध माणूस जोराने दाबतो, फार वेळ दाबून धरतो, आणि नको ते उघडते. बोट किंचित ओलसर करून हलकेच टेकविले तर पुष्कळदा काम होते. परंतु हात कापणाऱ्यास बटणच बरे. बटण दाबले गेले हे बोटालाच कळते, त्यासाठी डोळ्यांची साक्ष लागत नाही.

आता याच्या अगदी उलट बाजूचे एक उदाहरण सांगतो. आपल्या समाजातील एक आजी आहेत. त्यांना अक्षरओळख नाही. लेक बोधनकडे दिलेली. बटणांच्या फोनात नावांची यादी अक्षरांत असते, म्हणून लेकीला फोन लावून देण्यासाठी त्यांना रोज कोणाची तरी आर्जवे करावी लागत; आणि मनातले बोलावयाचे तर फोन लावून देणारा शेजारी उभाच. नातवाने त्यांना स्मार्टफोन दिला, लेकीचे छायाचित्र त्याच्या पहिल्याच पडद्यावर ठेविले, आणि बोलून निरोप कसा धाडावा हे चार दिवस शिकविले. आता आजी चित्रावर बोट ठेवतात, आवाजात निरोप धाडतात आणि लेकीचा निरोप आल्यावर तो दोनदा ऐकतात. ज्यास वाचता येत नाही त्याने साधा फोन घ्यावा, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु विचार करता असे दिसते की साधा फोन हा साक्षराचा आहे, आणि चित्र व आवाज यांवर चालणारा स्मार्टफोन निरक्षरास काही बाबतींत अधिक जवळचा आहे. विशेषतः आपल्या मातृवर्गाच्या बाबतीत हे ध्यानी घ्यावे. त्या माउलीला आता आपल्या लेकीशी एकान्तात बोलता येते, हा लाभ मी फार मोठा मानतो.

सरकारी कामांचे काय? आम्हां निवृत्तांना प्रतिवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही योजना काढली. पण तीत अंगठा लागे, आणि झिजलेल्या बोटांचा अंगठा यंत्र घेईना. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली. ज्या हातांना काच मानीत नाही त्यांचीच सुटका स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याने व्हावी, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. तीच कथा पिकांची. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढून नोंद करावयाची असते. ती नोंद नसेल तर पुढे नुकसानभरपाई वा हमीभावाची विक्री या वेळी अडचण उभी राहते.

परंतु यातून "प्रत्येक म्हाताऱ्यास स्मार्टफोन हवाच" असा निष्कर्ष मी काढीत नाही. हयातीचा दाखला वर्षातून एकदा आणि पीकपाहणी हंगामातून एकदा. ही दोन्ही कामे घरातील कोणाच्याही स्मार्टफोनवर होतात. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. वर्षातून चार दिवसांच्या कामासाठी तीनशे एकसष्ट दिवस नको ते यंत्र बाळगणे, म्हणजे लग्नाच्या वरातीपुरता लागणारा घोडा बारमाही दारात बांधण्यासारखे आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभा आहे तिच्याकडे वळतो. ती म्हणजे पैसा.

हल्लीचे चोर भिंत फोडीत नाहीत. लग्नाची पत्रिका, वाहनाचा दंड, शेतकरी सन्मान निधी अशी नावे देऊन ते व्हॉट्सॲपवर एक धारिका धाडतात. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. ती उघडून बसविली की फोनमध्ये परक्याचा शिरकाव होतो, बँकेचा ओटीपी परस्पर तिकडे जातो आणि खाते रिकामे होते. साध्या बटणांच्या फोनात अशी धारिका बसूच शकत नाही. 'डिजिटल अरेस्ट' म्हणून जो प्रकार चालतो, त्यात तर पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओवर धमकावितात आणि वृद्धांस खोलीत तासन् तास बसवून ठेवितात. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही, हे प्रत्येकाने पक्के लक्षात ठेवावे. व्हिडिओच नसेल तर गणवेशाचा धाक दाखविणार कोठून? अर्थात तोंडाने ओटीपी सांगून टाकणाऱ्यास साधा फोनही वाचवू शकत नाही. बँकेचा माणूस असो वा साक्षात ब्रह्मदेव असो, तो आकडा कोणासही सांगावयाचा नाही. आणि फसवणूक झालीच तर लाजेने घरात दडवून न ठेवता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे; तक्रार जितकी लौकर होईल तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक असते.

यावरून माझी सूचना अशी आहे. बँकेस व आधारला जोडलेला जो क्रमांक आहे, त्याचे सिमकार्ड वृद्धाने आपल्या साध्या फोनातच ठेवावे, आणि तो फोन आपल्याच खिशात ठेवावा. नातवंडांचे मुख पाहणे, कीर्तन ऐकणे, यासाठी घरात स्मार्टफोन जरूर असावा.  पैशाची आणि गप्पांची भांडी निराळी ठेविली म्हणजे एकाचा विटाळ दुसऱ्यास होत नाही. यातील उणीव मी लपवीत नाही. फोनवरून पैसे देण्याची जी यूपीआय पद्धत आहे, तिच्या नेहमीच्या ॲपला बँकेचे सिम त्याच स्मार्टफोनात लागते. ज्यांना किराणा व औषधे अशी घ्यावयाची असतील त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर एक लहान खाते उघडावे, आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवावेत. साध्या फोनवरूनही पैसे देता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये 'यूपीआय १२३पे' ही सोय सुरू केली आहे. पण ती वापरणारा माणूस मला आपल्या बाजारात अजून भेटावयाचा आहे.

फोन विकत घेताना दुकानदारास पहिला प्रश्न विचारावा तो सिमकार्डाचा. जिओचे सिम जुन्या टू-जी यंत्रात चालत नाही. त्यासाठी फोर-जी चालणारा बटणांचा फोन घ्यावा लागतो. पेटीवरील चित्र पाहून फोन घरी आणावयाचा आणि मग परत फेऱ्या घालावयाच्या, असे पुष्कळांचे झाले आहे. दुकानातच एकदा फोन लावून पाहावा, आवाज कानाला पुरतो का ते पाहावे, आणि चष्मा काढून आकडे दिसतात का तेही पाहावे.

रिचार्जविषयी एक उपयुक्त माहिती आहे. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढविले, आणि बटणांचा फोन वापरणाऱ्यांसही इंटरनेटसकट रिचार्ज माथी मारले जात होते. न पिणाऱ्याकडून दुधाचे पैसे घ्यावेत तशातला हा प्रकार होता. ट्राय या नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की केवळ बोलणे व एसएमएस यांचे निराळे रिचार्ज कंपन्यांनी दिलेच पाहिजे. त्यानंतर ते निघालेही आहेत. दुकानदार आपण होऊन सांगेलच असे नाही, आपण मागावे. मात्र काटकसरीच्या भरात रिचार्ज अजिबात सोडू नये. फार दिवस वापर नसलेला क्रमांक बंद होतो आणि पुढे दुसऱ्यास दिला जातो. आधार, बँक, निवृत्तिवेतन सारे त्याच क्रमांकाला बांधलेले असेल, तर ती गाठ सोडवून पुन्हा बांधताना वृद्ध माणसाचे पाय मोडतात.

तरुण मंडळींना दोन शब्द. आपला जुना, तडा गेलेला, दुपारीच बॅटरी संपणारा फोन वडिलांच्या हाती देऊन "शिकून घ्या" म्हणणे, याला देणे म्हणत नाहीत. ती अडगळ काढणे झाली. फोन कोणता घ्यावा हे ज्याला वापरावयाचा त्यालाच ठरवू द्यावे. स्मार्टफोन दिला तर अक्षरे मोठी करून द्यावीत, नको ती ॲप काढून टाकावीत आणि शिकविताना फोन हिसकावून घेऊन आपणच भराभरा करून दाखवू नये. मी जन्मभर पोरांना शिकविले. पाटी मास्तरच्या हातात राहिली तर पोराला लिहिता येत नाही. आणि आईवडिलांचे सिमकार्ड, पासबुक व ओटीपी "सोयीसाठी" आपल्या ताब्यात घेण्याची जी रीत काही घरांत पडली आहे, तिच्याविषयी या सभेत अधिक बोलणे मला जड जाते. ज्यांना समजावयाचे त्यांना समजले असेल.

शेवटी आपल्या संस्थेपुढे एक मागणी ठेवतो. पूर्वी मयताचा निरोप घेऊन माणूस गावोगाव जाई. आता तो निरोप, दशक्रियेचा दिवस, लग्नाची तिथी, एवढेच काय या मेळाव्याची सूचनासुद्धा, केवळ व्हॉट्सॲपच्या गटावर पडते. ज्याच्यापाशी बटणांचा फोन आहे तो वृद्ध आपल्याच बालमित्राच्या अंत्ययात्रेस मुकतो आणि त्यास चार दिवसांनी कोणीतरी बाजारात सांगतो. असे आपल्या पंचक्रोशीत घडले आहे. यास्तव कार्यकारिणीने ज्येष्ठ सभासदांच्या क्रमांकांची निराळी यादी करावी, प्रत्येक गावी एका तरुणाकडे ती सोपवावी, आणि दुःखद वार्ता असेल तेव्हा त्याने त्या त्या घरी प्रत्यक्ष फोन करावा. नायगावच्या यादीचे काम मी स्वतः पत्करतो. ज्येष्ठ मंडळींनी जेवणानंतर आपला क्रमांक व फोन कोणता आहे, ते मजपाशी सांगून जावे. वही व पेन मी बरोबर आणले आहे.